डबा सामाईक, डिस्क एकाची : नॅसवरच्या आयस्कझी साठवणीविषयी



आजचा विषय वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा. त्यावर आयस्कझी पद्धतीचे व्हॉल्यूम कसे तयार करायचे आणि कसे सांभाळायचे, यात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम? आमचं म्हणणं असं की यातली बटणं दाबायला अर्धा तास पुरतो. पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो मालकीचा आहे. ही जागा कोणाची? तिच्यावर लिहिण्याचा अधिकार कोणाला? याचं उत्तर न ठरवता मांडणी केली, तर वर्षानुवर्षांचं काम एका दुपारी मातीमोल होऊ शकतं. आणि ते होत असताना पडद्यावर एक ओळसुद्धा उमटत नाही.

पनवेलकरांना मालकीचा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. सातबारा, मोजणी, ताबा, सिडकोची साडेबारा टक्के योजना हे शब्द इथे शाळकरी मुलांच्याही कानावरून गेलेले असतात. म्हणून आज आम्ही शक्य तिथे जमिनीच्याच भाषेत बोलणार आहोत.

उदाहरणादाखल एक वाचनालय डोळ्यांसमोर ठेवू. कल्पनेतलंच, पण आपल्या ओळखीचं वाटेल असं. त्यांनी जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून ठेवले आहेत, एकूण चार टेराबाइट. ग्रंथसूची आणि सभासदांची नोंद ठेवणारं एक सॉफ्टवेअर आहे. देणग्या गोळा करून त्यांनी चार डिस्क बसतील असा एक नॅस घेतला. आता त्यातली जागा कोणाला द्यायची आणि कशी द्यायची?

काउंटर आणि प्लॉट

नॅस आपली जागा दोन तऱ्हांनी देतो. पहिली तऱ्हा सामाईक फोल्डरची. तांत्रिक भाषेत तिला एसएमबी किंवा एनएफएस म्हणतात. यात फाइल कुठे ठेवली आहे, ती कोणी उघडली आहे, दुसऱ्याला थांबवायचं का, हे सगळं नॅस स्वतः बघतो. हे वाचनालयाच्या काउंटरसारखं आहे. तुम्ही पुस्तकाचं नाव सांगायचं, कपाटात हात घालायचा नाही. दोघांनी एकच पुस्तक मागितलं तर काउंटरवरचा माणूस एकाला थांबायला सांगतो.

दुसरी तऱ्हा आयस्कझीची. इथे नॅस फाइल देतच नाही. तो क्रमांक घातलेले मोकळे ठोकळे देतो. त्यांना ब्लॉक म्हणतात. एक ब्लॉक बहुधा ५१२ किंवा ४०९६ बाइटचा असतो. संगणक म्हणतो, ‘सात हजार क्रमांकाच्या ब्लॉकवर एवढं लिही.’ नॅस लिहितो. ते पत्र आहे, छायाचित्र आहे की हिशेब आहे, याचा त्याला पत्ता नसतो. थोडक्यात, हा प्लॉट झाला. कुंपण नॅसने घालून दिलं. आत घर कसं बांधायचं, कुठल्या खोलीत काय ठेवायचं, हे प्लॉट घेणाऱ्या संगणकाने ठरवायचं. त्या घराला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोज एनटीएफएस बांधतं, लिनक्स बहुधा ईएक्सटी-४ किंवा एक्सएफएस.

आपल्या वैशेषिकांनी द्रव्य आणि गुण असा भेद केला. द्रव्य हा गुणांचा आश्रय. आयस्कझीमध्ये नॅसच्या हाती उरतो तो निव्वळ आश्रय. आश्रयाला काय आलं आहे ते त्याला ठाऊक नसतं, आणि जे ठाऊक नाही त्याचं रक्षणही तो करू शकत नाही. आजच्या व्याख्यानातलं बाकीचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

थोडा इतिहास सांगतो. डिस्कशी बोलण्याची ‘स्कझी’ नावाची भाषा १९८६ मध्ये अमेरिकेत प्रमाण ठरली. तेव्हा डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये जाड केबल असे, आणि अंतर काही मीटरांपलीकडे जात नसे. पुढे आयबीएम, सिस्को आणि इतर कंपन्यांच्या अभियंत्यांनी असा विचार केला की हेच आदेश साध्या नेटवर्कवरून का पाठवू नयेत? त्याचं प्रमाण एप्रिल २००४ मध्ये आरएफसी ३७२० या दस्तऐवजात आलं आणि २०१४ मध्ये आरएफसी ७१४३ ने त्याची जागा घेतली. नावातला ‘आय’ इंटरनेटचा. केबल गेली, नेटवर्क आलं, पण मूळ गृहीतक तेच राहिलं : ही डिस्क माझी आहे, माझ्या पोटात बसवलेली आहे, तिच्यावर दुसरं कोणी लिहीत नाही. संगणक आजही त्याच समजुतीने वागतो.

मग कुठली तऱ्हा घ्यायची?

आपल्या वाचनालयाकडे परत येऊ. स्कॅन केलेले अंक पाच जणांनी पाहायचे आहेत, दोघांनी नवे अंक घालायचे आहेत. याला सामाईक फोल्डर हवा. इथे आयस्कझीचा काहीच उपयोग नाही, उलट धोका आहे. ग्रंथसूचीच्या सॉफ्टवेअरचं तसं नाही. त्याचा डेटाबेस एका सर्व्हरवर चालतो आणि काही डेटाबेस नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये नीट चालत नाहीत. त्यांना आपल्याच संगणकातली डिस्क लागते. तिथे आयस्कझी योग्य. आभासी यंत्रांच्या डिस्कसाठी आणि सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या काही सॉफ्टवेअरसाठीही ही पद्धत वापरतात.

‘आयस्कझी वेगवान असतं म्हणे,’ असं ऐकून ते निवडू नका. साध्या गिगाबिट नेटवर्कची कमाल मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइट. प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळाले तर समाधान मानावं. त्या हिशेबाने चार टेराबाइट हलवायला दहा तास लागतात, मग फोल्डर असो की ब्लॉक. किती जण लिहिणार आहेत, ते आधी मोजा. एकच यंत्र लिहिणार असेल तरच पुढे चला.

चार शब्द

पहिला शब्द *लन*. नॅसमधून कापून दिलेला तुकडा, म्हणजे आपला प्लॉट. दुसरा *टार्गेट*. प्लॉटपर्यंत जाणारं फाटक. एका टार्गेटमागे एक किंवा अनेक लन असू शकतात. तिसरा *इनिशिएटर*. फाटकावर येऊन ‘आत सोडा’ म्हणणारा संगणक. तो विचारतो, टार्गेट उत्तर देतं. उलट कधी होत नाही. नॅसचा आयपी पत्ता आणि ३२६० हा पोर्ट मिळून जे ठिकाण होतं त्याला पोर्टल म्हणतात.

चौथा शब्द *आयक्यूएन*, आणि तो आम्हांला विशेष आवडतो. प्रत्येक टार्गेटला आणि प्रत्येक इनिशिएटरला जगात एकमेव असं नाव लागतं. आयक्यूएन ही अक्षरं, मग वर्ष आणि महिना, मग संस्थेचं संकेतस्थळ उलट क्रमाने, आणि शेवटी आपण दिलेलं नाव, अशी त्याची रचना. नावात तारीख कशाला? कारण संकेतस्थळाचं नाव विकलं जाऊ शकतं. आज ते एका कंपनीकडे, दहा वर्षांनी दुसरीकडे. दोघांनीही आपापल्या यंत्रांना तेच नाव दिलं तर गोंधळ होईल. म्हणून ज्या महिन्यात ते नाव त्या संस्थेच्या मालकीचं होतं, तो महिना नावातच गोवायचा. एखाद्या घराण्याची जमीन सांगताना आपण ‘अमक्या सालच्या फेरफाराप्रमाणे’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. नाव आणि वस्तू यांच्या संबंधावर तत्त्वज्ञांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. इथे अभियंत्यांनी सात अक्षरांत व्यवहारापुरता तोडगा काढला आहे.

मांडणी, क्रमाने

आता प्रत्यक्ष काम. सिनॉलॉजी, क्यूनॅप किंवा दुसऱ्या कोणाचाही नॅस असला तरी पायऱ्या याच. फक्त पडद्यावरची नावं बदलतात.

सुरुवात आयपी पत्त्यापासून करा. नॅसला कायमचा पत्ता द्या. राउटरने आज एक आणि उद्या दुसरा दिला, तर संगणक जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावत बसेल. जोडणी केबलनेच हवी. शक्य असेल तर आयस्कझीची वाहतूक वेगळ्या स्विचवरून किंवा वेगळ्या व्हीलॅनवरून न्यावी.

मग लन तयार करा. नावातून काम कळू द्या. ‘लन-१’ हे नाव नव्हे. ‘ग्रंथसूची-सर्व्हर’ हे नाव. आकार देताना थोडा हात आखडता घ्या. लन पुढे वाढवता येतो, लहान करणं मात्र बहुतेक नॅसवर शक्य नसतं. वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे लन द्या.

त्यानंतर टार्गेट तयार करून लन त्याला जोडा. इथे चॅप नावाची ओळखपरेड असते, ती सुरू करा. तिच्यात गुप्तशब्द तारेवरून उघडा जात नाही. नॅस एक आव्हान पाठवतो, आणि गुप्तशब्द ठाऊक असणाऱ्यालाच त्याचं बरोबर उत्तर काढता येतं. विंडोजसाठी हा गुप्तशब्द १२ ते १६ अक्षरांचा ठेवावा लागतो. मात्र चॅप फक्त फाटकावर ओळख पटवतं. त्यानंतर जाणारा-येणारा मजकूर उघडाच असतो, हे विसरू नका.

पुढची पायरी अनेक जण गाळतात. टार्गेटच्या परवानग्यांमध्ये ‘सर्वांना’ असं असेल तर ते काढून टाका आणि फक्त त्या एका सर्व्हरचा आयक्यूएन लिहा. हाच आपला सातबारा. त्यावर एकच नाव असलं पाहिजे.

आता संगणकाकडे या. विंडोजमध्ये व्हिस्टापासून ‘आयस्कझी इनिशिएटर’ आतच मिळतो. त्यात नॅसचा पत्ता द्या, टार्गेट दिसेल, चॅपचा गुप्तशब्द घालून जोडा. जोडताना ‘फेव्हरिट’ यादीत घालण्याची खूण राहू द्या, म्हणजे संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आपोआप जोडणी होते. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवी डिस्क दिसेल. दोन टेराबाइटपेक्षा मोठी असेल तर जीपीटी पद्धतच निवडा, कारण जुन्या एमबीआरची धाव तिथेच संपते. फॉरमॅट करा. लिनक्सवर हेच काम ओपन-आयस्कझी करतं. तिथे एवढं बघा की नेटवर्क सुरू होण्याआधी डिस्क जोडायचा प्रयत्न होणार नाही.

शेवटी सर्व्हर एकदा बंद करून सुरू करा आणि डिस्क परत आली, डेटाबेस नीट उघडला, याची खात्री करा. ही परीक्षा रिकाम्या डिस्कवर घ्यावी, भरलेल्या नव्हे.

एका प्लॉटवर दोन घरमालक

आता ज्यासाठी आम्ही इथे उभे आहोत, ते सांगतो. ग्रंथसूची व्यवस्थित चालू आहे. कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकावरच्या कार्यकर्त्याला वाटतं, आपल्यालाही ती डिस्क दिसली तर बरं. नॅस सामाईकच तर आहे! तो इनिशिएटर उघडतो, तोच पत्ता देतो, तोच गुप्तशब्द घालतो. परवानगी ‘सर्वांना’ असेल आणि एकापेक्षा अधिक जोडण्यांना मुभा असेल, तर डिस्क दिसते. फायली दिसतात. सगळे खूश.

आत काय चाललं आहे ते बघा. प्रत्येक संगणक मोकळ्या जागेचा नकाशा आपल्या स्मरणात धरून असतो. पहिल्याने ५००० क्रमांकाच्या ब्लॉकवर नवी नोंद लिहिली आणि आपल्या नकाशात तो ब्लॉक भरला. दुसऱ्याला हे कोणी सांगितलं नाही. त्याच्या नकाशात ५००० अजून मोकळा आहे. त्याने तिथे आपलं काहीतरी लिहिलं. पहिल्याची नोंद गेली. नॅसने दोन्ही आदेश इमानेइतबारे पाळले. चूक कोणाचीच दिसत नाही. पुढे कधीतरी फोल्डरांची यादीच जिथे लिहिलेली असते, त्या ब्लॉकवर असा घाला पडतो आणि मग डिस्क उघडत नाही.

एकाच प्लॉटची दोन खरेदीखतं झाली तर काय होतं, ते या सभागृहात कोणाला सांगायला नको. पण तिथे निदान भांडण होतं, कोर्ट असतं. इथे भांडणच होत नाही. दोघंही शांतपणे एकमेकांच्या भिंती पाडत राहतात.

अनेक यंत्रांनी एकच लन वापरायचा असेल तर त्यासाठी वेगळ्या फाइल सिस्टिम आहेत. व्हीएमवेअरची व्हीएमएफएस, लिनक्सच्या जीएफएस-२ आणि ओसीएफएस-२, विंडोजची क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम. त्या यंत्रांमध्ये आपसांत निरोप जातात : मी इथे लिहितो आहे, तू थांब. एनटीएफएस आणि ईएक्सटी-४ यांना हे येत नाही. नॅसवर अनेक जोडण्यांना मुभा देणारी खूण असते, ती या क्लस्टरवाल्यांसाठी. आपण तिला हात लावू नये.

दुसऱ्या माणसालाही ती माहिती हवी असेल तर काय करायचं? सर्व्हरवरूनच तो फोल्डर सामाईक करायचा. घरमालक एकच राहील. पाहुणे त्याच्या दारातून येतील.

सांभाळणं

मांडणी एकदाच होते, सांभाळणं रोजचं. तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट जागेची. लन तयार करताना ‘थिक’ आणि ‘थिन’ असे दोन पर्याय असतात. थिकमध्ये जागा लगेच बाजूला काढली जाते. थिनमध्ये फक्त वचन दिलं जातं, आणि भरेल तशी जागा दिली जाते. नॅसमध्ये दहा टेराबाइट असताना थिन पद्धतीने पंधरा टेराबाइटचे लन वाटता येतात. दहा गुंठ्यांवर पंधरा गुंठ्यांचे कागद. सगळे एकदम भरत नाहीत तोवर चालतं. ज्या दिवशी नॅस खरोखर भरतो, त्या दिवशी संगणकाला पडद्यावर जागा शिल्लक दिसते आणि लिहायला गेलं की लिहिलं जात नाही. डेटाबेस असा मधेच अडकला तर बिघडू शकतो. शिवाय संगणकावर फाइल पुसली म्हणजे नॅसला जागा परत मिळाली, असंही नाही. ते कळवण्याची सोय दोन्हीकडे चालू असावी लागते. म्हणून लहान संस्थेने शक्यतो थिक घ्यावं. थिन घेतलंच तर सत्तर-ऐंशी टक्क्यांवर सूचना येईल अशी व्यवस्था करावी.

दुसरी गोष्ट वीज. पावसाळ्यात इथे वीज जाते, आणि लन वापरत असलेल्या संगणकाच्या दृष्टीने नॅस बंद पडणं म्हणजे चालत्या यंत्रातून डिस्क उपटणं. नॅस, स्विच आणि सर्व्हर या तिघांनाही यूपीएस द्या. नुसत्या नॅसला दिलात तर मधला स्विच बंद पडून तेच होईल. बंद करताना आधी सर्व्हर, मग नॅस. सुरू करताना आधी स्विच, मग नॅस, शेवटी सर्व्हर. हा क्रम कागदावर लिहून यंत्राजवळ चिकटवा.

तिसरी गोष्ट प्रतींची. रेड म्हणजे एक डिस्क बिघडली तरी काम चालू ठेवण्याची सोय. स्नॅपशॉट म्हणजे एका क्षणाचं चित्र. चुकून पुसलेलं त्यातून परत मिळतं. पण नॅसला आतल्या फायली दिसत नसल्यामुळे तो चालू डेटाबेसचं अर्ध्या वाक्यातलं चित्र काढतो. चित्र नीट हवं तर डेटाबेसला क्षणभर थांबवणारं सहायक सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवावं लागतं. आणि दोन्ही सोयी त्याच डब्यात राहतात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला पूर आला आणि १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं. ग्रंथांचं मोठं नुकसान झालं. २६ जुलै २००५ आपल्या रायगड जिल्ह्यालाही विसरता येणार नाही. पाण्याला फाइल आणि ब्लॉक यांतला भेद कळत नाही. म्हणून सर्व्हरच्या आतूनच डेटाबेसची प्रत रोज काढायची आणि तिची एक प्रत दुसऱ्या गावात ठेवायची. सहा महिन्यांतून एकदा ती प्रत उघडून बघायची. न उघडलेल्या प्रतीवर विश्वास ठेवणं हे श्रद्धेचं क्षेत्र आहे, व्यवस्थापनाचं नव्हे.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : घरून काम करताना हा लन इंटरनेटवरून जोडता येईल का?*

तांत्रिकदृष्ट्या येईल, पण करू नका. मजकूर उघडा जातो, हे मघाशी सांगितलं. ३२६० हा पोर्ट राउटरवर बाहेरच्यासाठी कधीही उघडू नये. शिवाय जोडणी मधेच तुटली तर डिस्क उपटल्यासारखं होईल. घरून हवं असेल तर व्हीपीएनने कार्यालयात या आणि सामाईक फोल्डर वापरा. वाय-फायचंही हेच उत्तर.

*प्रश्न : पनवेलमध्येच योट्टाचं एवढं मोठं डेटा सेंटर आहे. तिथेही हेच प्रश्न असतात का?*

ते केंद्र २०२० मध्ये सुरू झालं, आणि आत कोण काय वापरतं ते ज्याचं त्याला ठाऊक. पण मोठ्या केंद्रांमध्ये आयस्कझीबरोबर फायबर चॅनलसारखे मार्गही असतात. मार्ग बदलला तरी ब्लॉक देणारा आतलं जाणत नाही, हे बदलत नाही. म्हणून तिथेही कुठला लन कोणत्या यंत्राचा, याची नोंद काटेकोर ठेवावी लागते.

*प्रश्न : आमच्या संस्थेत हे सगळं एका तरुण मुलाने बसवलं आणि तो आता बंगळूरला गेला. आम्ही काय करावं?*

बहुतेक संस्थांची हीच अवस्था असते. त्याला फोन करा आणि एक वही घ्या. प्रत्येक लनसाठी एक पान. लनचं नाव, आकार, थिक की थिन. टार्गेटचा आयक्यूएन. कुठल्या संगणकाला परवानगी आहे, त्याचा आयक्यूएन. नॅसचा पत्ता. आत कुठली फाइल सिस्टिम आहे. प्रत कुठे जाते आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली. गुप्तशब्द वहीत लिहू नका. बंद लिफाफ्यात घालून चिटणिसांच्या कपाटात ठेवा. संगणक बदलला की पानावर फेरफार नोंदवा, आधीचं नाव खोडून, तारखेसह. आणि परवानगीच्या रकान्यात दोन नावं दिसली, तर त्याच दिवशी एकाची जोडणी तोडा.